मिठाच्या कणाएवढा भाडेकरू

१९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, त्या काळी समुद्रातील रंगीत मासे जिवंत पाहावयाचे म्हणजे तेथवर वाट तुडवणे ओघानेच आले. आज वाशी-नेरुळच्या एखाद्या सातव्या मजल्यावरील दिवाणखान्यात तोच समुद्र काचेच्या पेटीत नांदताना दिसतो. गंमत अशी की, खाडी हाकेच्या अंतरावर असूनही तिचे पाणी या पेटीच्या कामाचे नाही, कारण पावसाळ्यात त्याचा खारटपणा पार उतरतो. म्हणून शौकीन मनुष्य शुद्ध केलेल्या पाण्यात तयार सागरी मीठ, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात, विरघळवून विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास राखतो आणि आपण समुद्र निर्माण केला अशा समाधानात राहतो. एखाद्या सकाळी माशाच्या परांवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात, मासा अंग खडकावर घासू लागतो, आणि ते समाधान तेथेच संपते.

या ठिपक्यांचा कर्ता क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स नावाचा एकपेशीय जीव होय. खुल्या समुद्रात त्याची पिल्ले अफाट पाण्यात विखुरतात व माशाला सहसा किरकोळच उपद्रव होतो. परंतु दोनशे लिटरांच्या कोंडवाड्यात त्यांना सावज शोधण्याचे श्रमच उरत नाहीत. हा भाडेकरू माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस मुक्काम करतो, पोट भरले की आपण होऊन बाहेर पडतो, तळाशी किंवा दगडाला चिकटून स्वतःभोवती कठीण कवच बांधतो आणि आत विभागत विभागत शेकडो पिल्ले तयार करतो. कोणते कवच तीन दिवसांत फुटेल आणि कोणते चार आठवड्यांनी, याचा नेम नाही. क्वचित दोन महिन्यांहून अधिक मुदत लागते. बाहेर आलेल्या पिल्लाला मात्र एकदोन दिवसांत मासा गाठावा लागतो, नाहीतर ते मरते.

सारी फसगत येथेच होते. ठिपके गळाले की मालक औषधाला यश आले असे समजतो, शेजाऱ्याला तेच औषध सुचवतो, आणि त्याच वेळी पेटीच्या तळाशी पुढच्या हल्ल्याची सिद्धता चाललेली असते. कातडीखालच्या वा कवचातल्या शत्रूला औषध पोचत नाही, पोहणाऱ्या पिल्लालाच ते मारते. म्हणून इलाज सलग तीन-चार आठवडे, तोही स्वतंत्र पेटीत करावा लागतो. अशी पेटी उघडीबोडकी असावी, लपण्यापुरते प्लॅस्टिकच्या नळाचे तुकडे पुरेत. कारण तांब्याचे औषध चुनखडीचे दगड शोषून घेतात आणि कोळंबी, शंख, समुद्रफुले यांना तर ते विषच. तांब्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, आणि तिची रोज मोजदाद. दुसरा मार्ग, विशिष्ट गुरुत्व हळूहळू १.००९ पर्यंत उतरवून चार आठवडे तेथेच ठेवण्याचा. गोड्या पाण्यातील माशांच्या अशाच दिसणाऱ्या रोगावर पाणी तापवण्याची युक्ती लागू पडते. उष्ण समुद्रातल्या या जीवाला त्याचे काहीच वाटत नाही.

ठिपक्यांऐवजी सोनेरी भुकटी फासल्यासारखे दिसले आणि मासा धापा टाकू लागला, तर तो मखमली रोग समजावा. तेथे विचार करावयास एकदोन दिवसच मिळतात. चापट कृमींचा संशय असेल तर गोड्या पाण्याचे पाच मिनिटांचे स्नान, तपमान व आम्लता जुळवून, बरेच काही सांगून जाते: पारदर्शक कृमी पांढरे पडून तळाशी खवल्यांसारखे गळतात. केसाळ किड्यांना मात्र लोक विनाकारण घाबरतात. ते बिचारे उष्टे खाऊन पेटी साफ ठेवतात, फक्त उघड्या हाताने धरू नयेत.

दगडांबरोबर येणारे ॲप्टेशिया हे तपकिरी, दिसावयास गोजिरे समुद्रफूल मात्र खरे उपद्रवी. उपटले की बुंध्याचा कण मागे राहतो आणि त्यातून नवे उगवते. त्याच्या तोंडात सुईने चुन्याची निवळ पेस्ट घालणे हा प्रसिद्ध उपाय. पानाला लावतो तोच हा पदार्थ, फक्त सुगंध व भेसळ नसलेला. (दगडांबरोबर प्रवाळही विकावयास येतो, कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहे, हे विक्रेता सांगत नाही.)

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात विदूषक मासे पैदाशीने वाढवले जातात. असे मासे समुद्रातून धरलेल्यांपेक्षा निरोगी निघण्याचा संभव अधिक. तरीही नवा मासा कोठूनही येवो, त्याला महिनाभर वेगळे ठेवण्याची तजवीज करावी, आणि रोग शिरलाच तर मुख्य पेटी ७६ दिवस माशांवाचून चालवावी, असा जाणत्यांचा दंडक आहे. त्या अडीच महिन्यांत दिवे लागतात, पंप घुमतात, गोगलगायी काचेवरून सरकत राहतात, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा पेटीला नाक लावून विचारतो, ‘‘मासे कुठे गेले हो तुमचे?’’