शांतता हाच माल : गवताळ मुलुखातील एका तलावाचा व्यवहार

पर्यटनाचा धंदा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गर्दी येते. गर्दी तेथे गिऱ्हाईक, गिऱ्हाईक तेथे गल्ला, असा आपला सरळ हिशेब. कॅनडाच्या सास्कॅचेवान प्रांतातील डिफेनबेकर तलावावर मात्र हा हिशेब उलटा मांडावा लागतो. तेथे येणारा माणूस गर्दीला कंटाळूनच आलेला असतो.

हा तलाव निसर्गाची देणगी नव्हे. साउथ सास्कॅचेवान नदीवर गार्डिनर धरण बांधले गेले आणि १९६७ साली ते पूर्ण झाले. मातीचे धरण, उंची ६४ मीटर, लांबी सुमारे ५ किलोमीटर. त्याच्या पाठीमागे सुमारे २२५ किलोमीटर लांब पाणी पसरले आहे आणि किनारा भरतो ८०० किलोमीटर. भोवती गव्हाची शेते आणि गवताची कुरणे, झाड क्वचितच. धरणाला नाव लिबरल पक्षाच्या गार्डिनर यांचे, तर पाण्याला त्यांचे विरोधक, माजी पंतप्रधान जॉन डिफेनबेकर यांचे! राजकारणात ज्यांचे पटले नाही, ते येथे कायमचे शेजारी झाले.

लोक येतात ते मुख्यतः मासेमारीसाठी. वॉलआय, पाइक आणि रेनबो ट्राउट हे येथले नावाजलेले मासे. ट्राउटची कथा व्यापाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. २००० सालाच्या सुमारास तलावातील एका मत्स्यपालन केंद्राचे पिंजरे फुटून लाखो ट्राउट पाण्यात पसार झाले. ते वांझ जातीचे होते. अंडी घालण्यात शक्ती खर्च होत नसल्याने सारे खाल्लेले अंगी लागले. २००९ मध्ये गळाला लागलेला एक ट्राउट ४८ पौंडांचा भरला आणि तो जागतिक विक्रम ठरला. मालकाचे नुकसान झाले खरे, पण किनाऱ्यावरच्या दुकानदारांना अशी जाहिरात पैसे मोजूनही मिळाली नसती.

मोकळ्या पाण्याचा हंगाम मेपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे वर्षाची कमाई जेमतेम पाच महिन्यांत. नदीच्या वळणावर एल्बो नावाचे लहानसे गाव आहे. एल्बो म्हणजे कोपर. तेथे बोटींचा धक्का आहे, गोल्फचे मैदान आहे. बाकी धंदा छोट्या वस्तूंचा : गळ, आमिष, बर्फ, पेट्रोल, पाव आणि बोटीच्या इंजिनाची दुरुस्ती. आडवळणी जागी विसरलेल्या वस्तूला गिऱ्हाईक जादा दाम देईल, हे खरे. पण एकदा नाडलेला माणूस पुढच्या वर्षी सास्काटूनहूनच डिकी भरून येईल, हे तितकेच खरे. इंजिन दुरुस्त करणाऱ्या कारागिराला मात्र ही भीती कमी; भर तलावात बंद पडलेली बोट कोणी शहरात नेत नाही. तशात वारा अडवायला डोंगर नाही की जंगल नाही. घटकाभरात लाटा उसळतात, म्हणून जाणते लोक सकाळीच पाण्यात उतरतात.

रिव्हरहर्स्टजवळ गाड्या पलीकडे नेणारी तर चालते, तीही फुकट. हिवाळ्यात पाणी गोठले की तर बंद होते आणि बर्फावरून रस्ता आखतात. बर्फाला भोके पाडून मासे धरणारेही येतात.

या पाण्याची किंमत सर्वांनी सारखी मोजलेली नाही. नदीच्या खोऱ्यात मिस्तासेनी नावाचा सुमारे ४०० टनांचा खडक होता. क्री लोक त्याला पवित्र मानत. तो हलवण्याचे प्रयत्न फसले आणि १९६६ साली सुरुंगाने उडवला गेला. त्याचे काही तुकडे एल्बोजवळ स्मारकात आहेत. जाणाऱ्याने तेथे थोडे थांबावे.

आता प्रश्न आहे पाण्याच्या वाटणीचा. याच तलावातून वीज निघते, शहरे पाणी पितात आणि शेते भिजतात. प्रांताने २०२० मध्ये ४०० कोटी कॅनेडियन डॉलरची सिंचन योजना जाहीर केली. सुमारे ५ लाख एकर भिजवण्याचा तिचा इरादा. शेतकऱ्याला ती हवी यात नवल नाही. पण तलावाची पातळी आधीच वर्षभरात काही मीटर वरखाली होते. वसंतात पाणी उतरलेले असते आणि रॉकी पर्वतातले बर्फ वितळून आले की जूनच्या सुमारास ते चढते. बोट उतरवायचा उतार कोरडा पडला, तर त्या दिवशी आमिषाचे दुकान उघडून बसण्यात अर्थ नाही. म्हणून एल्बोचा दुकानदार सकाळी गल्ल्याआधी पाण्याची पातळी पाहतो.