जॉनी कॅशचे साथीदार

साथीदारानें आपलें कौशल्य दाखवावें, अशी आपली अपेक्षा असते. अमेरिकेंतील ‘कंट्री’ गायक जॉनी कॅश याचें नांव मात्र साथीदारांच्या तोकड्या हातांनीं झालें. ल्यूथर पर्किन्स व मार्शल ग्रँट हे दोघेही मेंफिस शहरांत मोटारी दुरुस्त करीत. एकानें विजेची गिटार धरली, दुसऱ्यानें बास. ल्यूथरला द्रुत वादन साधेना; तो खर्जाच्या तारांवर एकेक स्वर टिपीत जाई. त्यांतूनच आगगाडीच्या चाकांसारखी ती प्रसिद्ध लय निघाली. ढोलवादक तर नव्हताच! म्हणून ‘आय वॉक द लाइन’ (१९५६) या गीतांत कॅशनें गिटारच्या तारांत कागद खोंवून तो खरखरीत ठेका काढला. १९६८ सालीं घरास लागलेल्या आगींत भाजून ल्यूथर वारला. त्याच्या जागीं आलेल्या बॉब वूटननें तेच साधे स्वर जसेच्या तसे उचलले.