नव्या कागदाला जुनेपण आणताना



३ जानेवारी जवळ आली, की सावित्रीबाईंच्या जयंतीची तयारी गावोगावच्या शाळांमध्ये सुरू होते. पोरगी घरी येते आणि म्हणते, "आई, मले एक जुनं पत्र बनवून दे वो. बाई म्हणे, एकदम जुनं दिसलं पाह्यजे." आणि आपण चहाचं आधण ठेवतो. पण आधण ठेवायच्या आधी पोरीला एक गोष्ट विचारा: हे पत्र नाटकात लागते की प्रदर्शनात?

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं प्रसिद्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. नाटकात जोतीराव पत्र उघडतात, तेव्हा ते नुकतंच आलेलं असते. त्या दिवशी ते नवंच होतं! तिथं पांढुरका कागद, दोन घड्या, एवढं पुरे. प्रदर्शनात मात्र आपण दीडशे वर्षांनंतर ते पाहतो. तिथं जुनेपण हवं.

दुसरी गोष्ट कागदाची. पूर्वी हातानं केलेला कागद चिंध्यांपासून होत असे. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव त्यासाठीच ओळखलं जाते. चिंधी म्हणजे शेवटी आपला कापूस. असा कागद शंभर वर्षांनीही फार काळवंडत नाही. पुढं यंत्रावरचा स्वस्त कागद आला, त्यात लाकडाचा लगदा असतो. लाकडातल्या लिग्निन नावाच्या घटकाला ऊन-हवा लागली, की तो पिवळा पडतो. मे महिन्यात खिडकीत राहिलेलं वर्तमानपत्र आठवा. म्हणून पोरीला अकोला जिल्ह्यातल्या दहीहांडा इथल्या १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं पत्रक करायचं असेल, तर ते गडद करा. १८५६ चं पत्र मात्र फिकटच ठेवा.

आता कृती. चित्रकलेचा साधा जाड कागद घ्या. चकचकीत कागद चहा पीत नाही. दोन कप पाण्यात तीन चमचे चहापत्ती दहा मिनिटं उकळा. दूध-साखर नको, साखरेनं कागद चिकट होतो आणि मुंग्या लागतात. गाळून थंड करा, परातीत ओता. कागद हलक्या हातानं चुरगळून पुन्हा उलगडा, म्हणजे सुरकुत्यांत चहाचा रंग जास्त धरतो. फिकट हवा असेल तर एक मिनिट, गडद हवा असेल तर पाच मिनिटं बुडवा. ओला कागद लगेच फाटतो, म्हणून दोन्ही हातांनी अलगद उचला आणि सुती कपड्यावर सावलीत पसरा. आपल्याकडच्या उन्हात तो वाकडा होतो. थोडा दमट असतानाच कपड्यात ठेवून पाटाखाली दाबा.

लिहायचं ते वाळल्यावर लिहा. शाई पसरते का, ते आधी एका तुकड्यावर पाहा. झेरॉक्स काढलेला कागदही चहात चालतो, पण शाईच्या प्रिंटरवरची रंगीत प्रत ओघळते. शेवटी चार घड्या घालून घडीच्या रेषेवर थोडी ओली चहापत्ती चोळा, कारण कागद झिजतो तो घडीवर. कडा मेणबत्तीवर जाळू नका. जुनी पत्रं जळलेली नसतात, आणि पोरीची ओढणी आगीजवळ नको. ओल्या बोटानं कडा हळूच फाडा. कोपऱ्यात बारीक अक्षरात "प्रतिकृती" लिहायला विसरू नका.

आता हे सगळं पुन्हा एकदा मनात आणा. ओल, ऊन, घडी, डाग. एका दुपारी आपण जे मुद्दाम केलं, तेच आपल्या पेटीतल्या खऱ्या कागदांवर वर्षानुवर्षं होत असते. सासऱ्यांचा शाळेचा दाखला, आजोबांच्या काळचा सातबारा, मोडीतली खरेदीची चिठ्ठी. नातीच्या जात पडताळणीला हेच कागद लागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. तेव्हा घडीवर फाटलेला एक आकडा किती महाग पडतो, ते ज्या घरानं खेटे घातले त्याला विचारा.

म्हणून असे कागद घडी न घालता फाइलमध्ये सपाट ठेवा. पेटी चुलीपासून आणि भिंतीपासून दूर, विटांवर ठेवा, म्हणजे ओल आणि उधई लागणार नाही. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद काही वर्षांनी कागद खातो. जुन्या कागदाचं लॅमिनेशनही नको, एकदा चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. भिजला तर पंख्याखाली सावलीत वाळवा. मोबाइलवर फोटो काढा आणि आजच दोन झेरॉक्स करून ठेवा.

आणि एक सांगते. चहाची ही युक्ती शाळेच्या प्रकल्पापुरतीच. खरा कागद हरवला म्हणून कोणी नवा दाखला "जुना करून देतो" म्हणालं, तर त्याच्या नादी लागू नका. पडताळणीत कागदाचा रंग पाहत नाहीत, शाळेच्या मूळ दाखल-खारीज रजिस्टरशी नोंद ताडून पाहतात. बनावट निघाली तर पोरीचा प्रवेश जातो आणि गुन्हाही दाखल होतो. त्यापेक्षा त्या शाळेत अर्ज करा, नोंदीचा उतारा मागा. तो कोराकरकरीत पांढरा असला तरी खरा असतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या पेटीतला सगळ्यात जुना कागद कोणता, ते पाहून यावं. पोरीचं पत्र वाळेपर्यंत तेवढं होऊन जाईल.