रिकाम्या खोलीतील कोनाडा

घर सजवायचे म्हटले की आपल्या मनात प्रथम वस्तूंची यादी तयार होते. पडदे, काचेचे कपाट, त्यातील शोभेच्या बाहुल्या, लग्नकार्यात भेट मिळालेली घड्याळे. वस्तू येत जातात, भिंती भरत जातात आणि हळूहळू घरातल्या माणसांचे त्यांच्याकडे लक्षही उरत नाही. समोरच्या भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेल्या चित्रात नेमके काय आहे, हे डोळे मिटून सांगा म्हटले तर आपल्यापैकी अनेकजण अडखळतील. सजावटीचा याहून अगदी निराळा विचार जपानमधील पारंपरिक घरांत झाला. 'तोकोनोमा' नावाचा एक कोनाडा हे त्या विचाराचे केंद्र होय.

हा कोनाडा समजण्यासाठी आधी तो ज्या खोलीत असतो ती खोली पाहिली पाहिजे. तिच्या जमिनीवर 'तातामी' अंथरलेल्या असतात. भाताचा पेंढा दाबून केलेला जाड थर आणि त्यावर लव्हाळ्यासारख्या गवताची घट्ट विणलेली चटई, अशी तातामीची रचना असते. ती साधारणपणे 90 सेंटिमीटर रुंद आणि 180 सेंटिमीटर लांब असते. खोलीचे आकारमानही 'सहा तातामींची खोली' असे सांगण्याची रीत आहे. खोलीत खुर्च्या नसतात, पलंग नसतो. जेवणाच्या वेळी ठेंगणे मेज येते, रात्री गाद्या घातल्या जातात आणि सकाळी त्या घडी घालून सरकत्या दारामागील कपाटात जातात. एकाच खोलीत बैठक, जेवण आणि झोप ही व्यवस्था मुंबईच्या चाळीत वाढलेल्या वाचकाला नवी वाटणार नाही. अनेक कामांसाठी वापरायची खोली मोकळीच ठेवावी लागते. जपानी गृहरचनेने या गरजेलाच सौंदर्याचे रूप दिले.

या मोकळ्या खोलीच्या एका बाजूची भिंत काहीशी आत घेतलेली असते. तिथली जमीन उरलेल्या खोलीपेक्षा थोडी उंच असते. बाजूला एक लाकडी खांब असतो. पुष्कळदा हा खांब मुद्दाम झाडाच्या खोडासारखाच ठेवतात. त्याच्या गाठी, त्याचा बाक तासून काढत नाहीत. मागची भिंत साधी, बिनचकाकीची. तिच्यावर गुंडाळता येणारे एक लांबट चित्र किंवा सुलेखनाचा एक पट टांगलेला असतो आणि खाली पुष्परचना असते. कधी एखादे धूपपात्र. सजावट एवढीच.

या मांडणीचे मूळ पूजेत आहे. सहाव्या शतकात बौद्ध धर्म कोरियामार्गे जपानमध्ये पोहोचला. पुढे बुद्धप्रतिमेचा पट भिंतीवर लावून त्यापुढे धूप, दीप आणि फुले ठेवण्याची प्रथा तिथे रूढ झाली. मुरोमाची काळात (1336–1573) या पूजेच्या जागेतूनच घरातील तोकोनोमा आकाराला आला. 'इकेबाना' ही पुष्परचनेची कलाही बुद्धापुढे फुले वाहण्याच्या परंपरेतूनच वाढली. महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत आजही वंदनेच्या वेळी प्रतिमेपुढे फुले, धूप आणि दीप ठेवले जातात. इतक्या दूरच्या दोन घरांतील या साम्याचा उगम एकाच भूमीत, भारतात आहे.

तोकोनोमातील चित्र कायमचे नसते, आणि हेच मला या पद्धतीचे मर्म वाटते. ऋतू बदलला की चित्र बदलते. उन्हाळ्यात धबधब्याचे चित्र लावतात. ते पाहून मनाला तरी गारवा मिळावा! उतरवलेले चित्र गुंडाळून किरी नावाच्या हलक्या लाकडाच्या पेटीत ठेवतात. सधन घरांत अशा वस्तूंसाठी जाड भिंतींची स्वतंत्र कोठारे असत. घरात शंभर वस्तू असल्या तरी डोळ्यांपुढे एका वेळी एक-दोनच. वस्तू काही महिने दृष्टीआड राहिल्यामुळे पुन्हा समोर आली की ती नव्याने दिसते.

सोळाव्या शतकातील चहाविधीचे थोर आचार्य सेन नो रिक्यू (1522–1591) यांनी हा विचार टोकाला नेला. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. त्यांच्या बागेत सकाळी उमलणाऱ्या निळ्या फुलांचे वेल बहरले होते. त्यांची कीर्ती ऐकून राज्याचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी ती पाहायला आला. बागेत एकही फूल नव्हते! रिक्यूंनी सारी फुले खुडून टाकली होती. संतापलेला हिदेयोशी चहाच्या खोलीत शिरला, तेव्हा तोकोनोमात एकच फूल त्याची वाट पाहत होते. ही कथा मला सुंदर वाटते आणि थोडी क्रूरही. बागेतल्या फुलांचा काय अपराध, हा प्रश्न मनातून जात नाही. रिक्यूंनी 1590 मध्ये बांबूच्या तुकड्यापासून बनवलेले, तडा गेलेले एक पुष्पपात्र मात्र निःशंकपणे आवडते. ते आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तडा लपवलेला नाही. तो तसाच मिरवतो आहे.

प्रकाशाचाही येथे विचार आहे. घराचे छप्पर बरेच पुढे आलेले असते आणि दारांच्या लाकडी चौकटींवर हातकागद ताणलेला असतो. त्यामुळे बाहेरचे ऊन गाळून, मंद होऊन आत येते आणि कोनाड्यापर्यंत पोहोचताना सावलीच अधिक उरते. कादंबरीकार जुनिचिरो तानिझाकी यांनी 1933 मध्ये 'सावल्यांची स्तुती' अशा अर्थाच्या शीर्षकाचा दीर्घ निबंध लिहिला. तोकोनोमाचे सौंदर्य त्या अंधूकपणात आहे, असे त्यांचे म्हणणे. ट्यूबलाइटच्या उजेडात भिंतीचा कोपरान् कोपरा उजळणाऱ्या आपल्याला हे क्षणभर थांबून ऐकण्यासारखे आहे.

पाहुण्यांपैकी सर्वांत मानाच्या व्यक्तीला तोकोनोमाच्या जवळ, त्याकडे पाठ करून बसवतात. ज्याच्यासाठी चित्र लावले त्यानेच त्याकडे पाठ करायची, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण त्यातून यजमानाला आपल्या संपत्तीचे प्रदर्शन टाळता येते. या साधेपणाला दुसरी बाजूही होती. तोकोनोमा दीर्घकाळ सरदार, पुरोहित आणि धनिकांच्या घरांची खूण होता. सामान्यांच्या घरांत तो मोठ्या प्रमाणावर आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जुने दर्जाचे निर्बंध गेल्यानंतर.

बाजारात 'जपानी सजावट' म्हणून कागदी पंखे, प्लास्टिकचे बांबू, बुद्धाचे नुसते मस्तक अशा वस्तू मिळतात. शोभेसाठी मांडलेले असे मस्तक अनेक बौद्धांना रुचत नाही, हे विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. शिवाय भरलेल्या भिंतीवर आणखी एक वस्तू टांगणे म्हणजे ही पद्धत उलटी करणे. ती स्वीकारायची तर जपानी काहीच आणावे लागत नाही. जमिनीवर बसल्यावर सहज दिसेल अशी एक जागा रिकामी करावी. तिथे आजीचा तांब्या आणि त्यात कडुलिंबाची एक डहाळी पुरेल. बाकीच्या वस्तू पेटीत जाऊ द्याव्यात आणि त्यांची पाळी येईपर्यंत तिथेच राहू द्याव्यात. चैत्रगौरीची महिनाभराची आरास मांडून नंतर आवरून ठेवणाऱ्या घरांना ही रीत परकी वाटू नये.

स्वतः जपानमध्येही आता अनेक नव्या सदनिकांत तातामीची खोली नसते. मग तोकोनोमा तरी कुठून असणार? पण अनेक घरांत दारापाशी चपला-बुटांचे बुटके कपाट असते. त्याच्या माथ्यावर एवढीशी जागा मोकळी ठेवलेली असते. वर्षारंभी तिथे पाइनची छोटी फांदी येते आणि 3 मार्चच्या मुलींच्या सणाआधी राजा-राणीच्या बाहुल्यांची एक इवली जोडी येऊन बसते.