हिरव्या डोंगरातलं वाळवंट

मागच्या महिन्यात आपल्या वर्गात मी 'फूड डेझर्ट' हा शब्द वापरला, तेव्हा एकाने लगेच विचारलं, "दादा, म्हणजे गुलाबजाम?" सगळे हसले. मीही हसलो. डेझर्ट आणि डिझर्ट यांत माझीसुद्धा गडबड होते, कारण मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो आणि असे इंग्रजी शब्द मला फार उशिरा भेटले. पण इथे गुलाबजामचा काही संबंध नाही. इथे डेझर्ट म्हणजे वाळवंट. ज्या भागात ताजी भाजी, फळं, दूध, अंडी घ्यायला जवळपास दुकानच नसतं, त्याला फूड डेझर्ट म्हणतात. आपण त्याला 'अन्नाचं वाळवंट' म्हणू.

मी उदाहरण दिलं वेस्ट व्हर्जिनियाचं. त्यावर एक मुलगी म्हणाली, "पण तिथे तर केवढी झाडं आहेत!" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. वेळ संपल्यामुळे मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धडा.

आधी तुमच्या घरापासून सुरुवात करू. तुमच्या घरापासून किराणा दुकान किती लांब आहे? बहुतेकांचं उत्तर 'गाडीने पाच-दहा मिनिटं' असं असेल. कढीपत्ता आणि हिंग आणायला आईबाबा तासभर गाडी चालवत असतील, पण ते वेगळं. कढीपत्ता नसला तरी त्या दिवशी जेवण होतं. इथे आपण रोजच्या जेवणाबद्दल बोलतोय.

अमेरिकेच्या कृषी खात्याने यासाठी एक मोजमाप ठरवलं आहे. शहरात मोठं किराणा दुकान एक मैलापेक्षा लांब असेल, तर ते 'लांब' समजतात. खेड्यात हा आकडा दहा मैल आहे, म्हणजे साधारण सोळा किलोमीटर. एखाद्या भागात गरिबी जास्त असेल आणि तिथले निदान 500 लोक किंवा एक तृतीयांश लोक दुकानापासून इतके लांब राहत असतील, तर तो भाग नकाशावर रंगवला जातो.

माझं काम दिवसभर डेटाशी असतं, त्यामुळे आकडा दिसला की तो कसा मोजला हे मी आधी बघतो. इथे अंतर सरळ रेषेत मोजतात. पण डोंगरात रस्ता सरळ जात नाही. तो नदीच्या कडेने वळतो, घाट चढतो, परत उतरतो. नकाशावरचे आठ मैल गाडीने पंधरा होऊ शकतात. म्हणजे एखादं घर कागदावर दुकानाच्या 'जवळ' असतं, आणि तिथल्या आजींना मात्र ते जवळ वाटत नाही.

आता मॅकडॉवेल काउंटीत जाऊ. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखा किंवा छोट्या जिल्ह्यासारखा भाग. मॅकडॉवेल वेस्ट व्हर्जिनियाच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. चहूकडे हिरवे डोंगर आणि डोंगरांच्या पोटात कोळसा. 1950 साली इथे सुमारे 99 हजार लोक राहत होते. खाणीत काम मिळायचं, म्हणून लोक लांबून येत. बऱ्याच ठिकाणी घर खाण कंपनीचं आणि दुकानही कंपनीचंच असायचं. काही कंपन्या मजुरांना पगार म्हणून स्वतःची नाणी द्यायच्या, आणि ती नाणी फक्त कंपनीच्याच दुकानात चालायची. म्हणजे अन्न जवळ होतं, पण निवड तुमची नव्हती.

पुढे खाणीत यंत्रं आली. दहा माणसांचं काम दोघं करू लागले. मग एकेक खाण बंद पडली. लोक गाव सोडून गेले. 2020 च्या जनगणनेत मॅकडॉवेलमध्ये सुमारे 19 हजार लोक उरले होते. पाचातले चार गेले!

याच काउंटीत अमेरिकेच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट घडली. जॉन केनेडी 1960 साली निवडणुकीच्या प्रचारासाठी वेस्ट व्हर्जिनियात फिरले आणि तिथली गरिबी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांच्या सरकारने फूड स्टॅम्प योजना प्रयोग म्हणून सुरू केली. 29 मे 1961 रोजी वेल्च या गावात पहिले स्टॅम्प मिळाले ते अल्डरसन आणि क्लोई मन्सी या जोडप्याला. घरात पंधरा माणसं आणि स्टॅम्प 95 डॉलरचे. त्यांनी एका सुपरमार्केटमधून पहिली वस्तू घेतली, ती म्हणजे पोर्क अँड बीन्सचा डबा. आज त्या योजनेला स्नॅप म्हणतात आणि कागदी स्टॅम्पऐवजी कार्ड मिळतं.

स्नॅप म्हणजे आपल्याकडच्या रेशनसारखंच का? थोडं तसं, पण एक मोठा फरक आहे. माझ्या लहानपणी गावात रेशनचं दुकान होतं. गहू, तांदूळ, साखर, रॉकेल मिळायचं. रांग असायची, आणि "माल आला नाही, परवा या" हेही ऐकावं लागायचं. निवड काहीच नव्हती, पण दुकान गावात होतं. स्नॅपमध्ये उलट आहे. कार्डावर पैसे येतात, काय घ्यायचं ते बरंचसं तुम्ही ठरवता, मात्र दुकान तुम्हीच शोधायचं. आणि दुकानच नसेल तर?

मॅकडॉवेलमध्ये नेमकं तेच झालं. 2005 साली किम्बल या छोट्या गावाजवळ वॉलमार्टचं मोठं दुकान सुरू झालं. लोकांना आनंद झाला. एकाच छपराखाली भाजी, औषधं, कपडे, सगळं मिळू लागलं. अशी मोठी दुकानं आली की आजूबाजूच्या छोट्या दुकानांना तग धरणं कठीण जातं. मग जानेवारी 2016 मध्ये कंपनीने जगभरातली 269 दुकानं बंद केली, त्यांत किम्बलचंही होतं. सुमारे 140 लोकांची नोकरी गेली. गरजूंना फुकट धान्य देणाऱ्या तिथल्या अन्नपेढीला या दुकानाकडून बराच माल मिळायचा, तोही थांबला. आणि लहान दुकानं काही परत आली नाहीत.

मी दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये मित्रांबरोबर त्या बाजूला पानांचे रंग बघायला गेलो होतो. संध्याकाळी खिचडी करायची म्हणून कांदे-टोमॅटो शोधत होतो. पहिल्या पेट्रोल पंपावर चिप्स आणि सोडा होता. पुढे एक स्वस्त वस्तूंचं दुकान लागलं. तिथे डबे, नूडल्स, बिस्किटं, साबण, खेळणी होती, पण एकही कांदा नव्हता. आम्ही हसण्यावारी नेलं, कारण दुसऱ्या दिवशी आम्ही घरी परतणार होतो.

आता कल्पना करा, तुमची आजी तिथे एकटी राहते. तिच्याकडे गाडी नाही, आणि बस तिच्या दारापर्यंत येत नाही. मग ती शेजाऱ्याला म्हणते, "मला बाजारात नेशील का?" पेट्रोलचे पैसे द्यावे लागतात आणि त्याच्या वेळेप्रमाणे जावं लागतं. हे महिन्यातून एकदा किंवा फार तर दोनदा जमतं. अशा वेळी ती काय घेईल? पालक चार दिवसांत सुकतो. केळी आठवड्यात काळी पडतात. म्हणून जे टिकतं तेच पिशवीत जातं, आणि जे टिकतं त्यात बहुतेक वेळा मीठ आणि साखर जास्त असते. डॉक्टर म्हणतात, "ताजी भाजी खा." आजीला ते आधीपासून माहीत असतं!

मग तिथे कुणी नवीन दुकान का उघडत नाही? किराण्याच्या धंद्यात नफा फार कमी, शंभर डॉलरच्या विक्रीमागे एक-दोन डॉलर. फ्रिजचं वीजबिल मात्र रोजचं असतं. घाऊक व्यापारी डोंगरात ट्रक पाठवायला तयार होतो, पण दर आठवड्याला अमुक इतका माल घ्यायलाच हवा अशी अट घालतो. गावात माणसंच कमी असतील तर तेवढा माल विकणार कुणाला?

इथे मला गावचा आठवडी बाजार आठवतो. आमच्याकडे मंगळवारी भरायचा. त्यात दुकान रोज एका जागी बसत नाही. आज या गावात, उद्या त्या गावात. माल लोकांकडे येतो. अमेरिकेत काही ठिकाणी भाजीची फिरती गाडी हेच काम करते. ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते, पण थंडीच्या दिवसांत, घाटरस्त्यात, थोड्या गिऱ्हाइकांसाठी अशी गाडी चालवणं सोपं नाही.

कान्सस राज्यातल्या सेंट पॉल या छोट्या गावाने दुसरी वाट धरली. 1985 पासून तिथे किराणा दुकान नव्हतं. गावकऱ्यांनी धडपड करून 2008 मध्ये दुकान सुरू केलं, आणि 2013 मध्ये ते गावाच्या मालकीचं झालं. जसा गावाचा पाणीपुरवठा, तसं गावाचं दुकान. प्रत्येक वेळी हे जमतंच असं नाही. फ्लोरिडातल्या बाल्डविन गावानेही 2019 मध्ये असंच दुकान काढलं होतं, पण काही वर्षांत ते बंद करावं लागलं.

आणि दुकान उघडलं की सगळं सुटतं, असंही नाही. 2019 साली अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी लोकांच्या खरेदीचा मोठा डेटा तपासला. गरीब आणि श्रीमंत घरांच्या आहारातला जो फरक आहे, त्यातला फक्त दहा टक्के भाग दुकानं आणि किमती यांच्यामुळे होता. बाकीचा फरक वेगळ्या कारणांनी होता. ज्या घरात वर्षानुवर्षं डबाबंद अन्नच आलं, तिथे नुसती समोर वांगी ठेवून काय होणार? म्हणून मला वाटतं, दुकान हवंच, पण ते पहिलं पाऊल आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. खरं वाळवंट निसर्ग बनवतो. मॅकडॉवेलमध्ये पाऊस पडतो, झाडं वाढतात, लोक परसात टोमॅटो आणि घेवडा लावतात. स्नॅपच्या पैशांतून भाजीचं बी आणि रोपंसुद्धा घेता येतात, हे तुम्हाला माहीत होतं का? दुकानं गेली ती माणसांच्या निर्णयांमुळे, कुणी हिशेब करून दुकान उघडलं आणि कुणी हिशेब करून बंद केलं म्हणून. त्यामुळे काही लोकांना 'वाळवंट' हा शब्दच आवडत नाही. मलाही तो अपुरा वाटतो, पण याहून चांगला शब्द अजून सुचलेला नाही. तुम्हाला सुचला तर वहीत लिहा.

पुढच्या वर्गाआधी कृषी खात्याचा नकाशा उघडून तुमची काउंटी शोधा. अमेरिकेबाहेर राहत असाल तर साधा नकाशा चालेल. घरापासून किराणा दुकानाचं अंतर दोनदा मोजा, एकदा सरळ रेषेत आणि एकदा रस्त्याने. मग तिसरी गोष्ट शोधा. गाडी नसेल तर तिथे पोचायला किती वेळ लागेल? तीनही आकडे लिहून आणा.