भाग ४७ : लॅपटॉपची किंमत आणि एका लेसरचा हिशेब

(नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी भाग लिहून देतोय. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' बरेच कापलेत. सगळे नाही.)

आजचा विषय माझ्या ताईच्या लग्नाच्या डीव्हीडीमुळे सुचला. ती डीव्हीडी मी एकदा भर मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलो होतो. संध्याकाळी बघतो तर तिचा पापड व्हायला आलेला. इतकी वाकडी नव्हती, पण टेबलावर ठेवली की एक कड उचललेली दिसायची. लॅपटॉपमध्ये घातली, आतून खर्र-टिक-टिक झालं आणि 'डिस्क वाचता येत नाही'. ताईने आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी डीव्हीडी ड्राइव्ह हातात धरलाच नसेल, म्हणून आधी तो काय करतो ते सांगतो. चकतीच्या आत डोळ्याला न दिसणारे खड्डे असतात, एका लांबलचक गोल वळणावळणाच्या रेषेवर. सीडीमध्ये या रेषेच्या दोन फेऱ्यांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असतं, डीव्हीडीमध्ये फक्त ०.७४. लेसरचा ठिपका या रेषेवरून पळतो आणि परत आलेल्या उजेडावरून ड्राइव्ह शून्य-एक ओळखतो.

आता गंमत अशी की लेसर सरळ खड्ड्यावर पडत नाही. आधी त्याला प्लास्टिकच्या थरातून जावं लागतं. तांब्यातल्या पाण्यात चमचा तिरका ठेवला तर तो मोडल्यासारखा दिसतो ना? तसंच. चकती जरा जरी कलली, तर प्लास्टिकमधून जाताना लेसरचा गोल ठिपका विस्कटतो आणि त्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. शेपटी शेजारच्या फेरीवर पडली की वाचन बिघडतं. लेन्स जितका रुंद कोन वापरते, तितका हा त्रास वाढतो, आणि तोही घनाच्या प्रमाणात. सीडीच्या लेन्सचा तो आकडा ०.४५, डीव्हीडीचा ०.६. म्हणून डीव्हीडी बनवणाऱ्यांनी सीडीतला १.२ मिलिमीटरचा प्लास्टिकचा थर अर्धा केला, ०.६ मिलिमीटरवर आणला, आणि तशा दोन चकत्या एकमेकींना चिकटवल्या. तरीही डीव्हीडी सीडीपेक्षा जास्त नाजूकच राहिली. म्हणून काही ड्राइव्हमध्ये कल मोजून लेन्स त्याप्रमाणे झुकवायची सोय असते. माझ्या ड्राइव्हने बहुधा हात टेकले.

पण कल सुधारणं ही पुढची पायरी. त्याआधी ड्राइव्हला कळायला हवं की आत आलेली चकती सीडी आहे की डीव्हीडी, एका थराची की दोन थरांची. फोकस किती खोल करायचा, रेषा किती बारीक धरायची, सगळं त्यावर ठरतं. चकती घातल्यावर सुरुवातीला जी खुडबुड ऐकू येते, त्यात ही ओळखपरेडही असते.

आणि इथे आपली गोष्ट सुरू होते. यासुओ कामातानी नावाच्या संशोधकाला १९९६ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळालं, क्रमांक ५५८७९८१. परत आलेल्या उजेडावरून चकतीचे थर आणि खड्ड्यांची रचना ओळखायची, ती साठवलेल्या माहितीशी ताडून बघायची, आणि त्यानुसार फोकस आणि ट्रॅकिंगची यंत्रणा लावायची, अशी ती पद्धत. पेटंट सांभाळायला त्यांची स्वतःची कंपनी होती, लेसरडायनॅमिक्स.

१९९८ ते २००१ या काळात या कंपनीने सोळा लायसन्स दिली. घेणाऱ्यांत सोनी, फिलिप्स, एनईसी अशी बडी नावं होती. प्रत्येकाने एकरकमी पैसे भरले, आणि एकही रक्कम तीन लाख डॉलरपर्यंत पोचली नव्हती. एकदा पैसे दिले, विषय संपला. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये लेसरडायनॅमिक्सने तैवानच्या क्वांटा कंपन्यांवर टेक्सासमध्ये दावा लावला. क्वांटा स्टोरेज ड्राइव्ह बनवायची आणि क्वांटा कॉम्प्युटर डेल, एचपी वगैरेंसाठी लॅपटॉप जोडून द्यायची. तुमच्या कॉलेजच्या लॅबमधला जुना लॅपटॉपही तिथे जोडलेला असू शकतो, वर नाव मात्र दुसऱ्याचं.

२००९ मध्ये ज्युरीने निकाल दिला : सुमारे ५ कोटी २० लाख डॉलर भरपाई!

आता म्हणाल, तीन लाखांच्या आतली लायसन्स आणि इथे पाच कोटी, हे कसं काय? तर लेसरडायनॅमिक्सच्या तज्ज्ञाने रॉयल्टी धरली होती २ टक्के, पण कशाच्या? अख्ख्या लॅपटॉपच्या किमतीच्या. समजा लॅपटॉप १,००० डॉलरचा आणि त्यातला ड्राइव्ह ३० डॉलरचा. लॅपटॉपच्या किमतीवर २ टक्के म्हणजे २० डॉलर. ड्राइव्हच्या किमतीवर २ टक्के म्हणजे फक्त ६० सेंट. टक्का तोच, पाया बदलला. मिसळीत आमच्या दुकानाची फरसाण आहे म्हणून हॉटेलच्या पूर्ण बिलावर कमिशन मागण्यासारखं आहे हे.

जिल्हा न्यायालयालाच तो आकडा पचला नाही. न्यायाधीशांनी सांगितलं, ६२ लाख डॉलर घ्या, नाहीतर भरपाईचा खटला नव्याने लढा. लेसरडायनॅमिक्सने लढायचं ठरवलं. २०११ मध्ये दुसऱ्या ज्युरीने दिले ८५ लाख.

या दुसऱ्या फेरीत एक जुना करार मोठा मुद्दा झाला. २००६ मध्ये बेनक्यू या कंपनीने ६० लाख डॉलर देऊन याच पेटंटचा दावा मिटवला होता. पण कधी? खटला उभा राहायला दोन आठवडे उरलेले असताना, आणि कागदपत्रांच्या बाबतीतल्या गैरवागणुकीबद्दल कोर्टाने आधीच शिक्षा केलेली असताना. गळ्याशी आल्यावर दिलेली रक्कम हा बाजारभाव असतो का? मला विचाराल तर नाही.

३० ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाचा निकाल आला, आणि पेटंटवाले वकील आजही तो उघडून बसतात. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं : रॉयल्टी मोजायची तर पेटंट ज्यात वापरलं जातं अशा विकण्याजोग्या सर्वांत छोट्या वस्तूपासून सुरुवात करा, इथे ती वस्तू ड्राइव्ह. लोक लॅपटॉप मुख्यतः त्या पेटंटसाठीच घेतात हे दाखवता आलं, तरच पूर्ण लॅपटॉपची किंमत धरा. ड्राइव्हशिवाय लॅपटॉप विकला जाणार नाही, एवढं म्हणून भागत नाही. चांगला स्क्रीन, कीबोर्ड, टिकणारी बॅटरी, यांच्याशिवाय तरी कोण लॅपटॉप घेईल? मग प्रत्येक जण पूर्ण किमतीवर हक्क सांगत बसेल. बेनक्यूचा करारही ज्युरीपुढे यायला नको होता, असं ठरलं. भरपाईचा हिशेब तिसऱ्यांदा करायला सांगितला.

अजून एक गोष्ट क्वांटाच्या बाजूने गेली. काही ड्राइव्ह क्वांटा स्टोरेजने फिलिप्स आणि सोनी-एनईसी यांच्यासाठी बनवले होते, आणि त्यांच्याकडे लायसन्स होतं. तेच ड्राइव्ह फिरून क्वांटा कॉम्प्युटरच्या लॅपटॉपमध्ये आले. न्यायालय म्हणालं, त्यांच्यासाठी वेगळे पैसे मागता येणार नाहीत.

मला इथे कामातानींबद्दलही थोडं वाटतं, बरं का. एकट्या माणसाची कल्पना लाखो यंत्रांत चालली असेल, तर त्याने जास्त मागणं यात नवल नाही. पण त्याने स्वतःच सोळा वेळा किंमत सांगून ठेवली होती!

आता आपल्याकडे या. १२ जुलै २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयाने फिलिप्सच्या डीव्हीडीच्या पेटंटवर निकाल दिला. चकतीवरून वाचलेले संकेत परत मूळ माहितीत उलगडण्याबद्दलचं ते पेटंट. समोर होते बाहेरून सुटे भाग आणून डीव्हीडी प्लेयर जोडणारे इथले छोटे उत्पादक. त्यांचा बचाव ओळखीचा वाटेल : आम्ही भाग लायसन्सवाल्यांकडूनच घेतले. म्हणजे क्वांटाला जे लागू पडलं तेच. फरक एवढाच की यांना ते कागदावर सिद्ध करता आलं नाही. रॉयल्टी ठरली दर प्लेयरमागे : २७ मे २०१० पर्यंत ३.१७५ डॉलर, त्यानंतर १.९० डॉलर, आणि तीही पेटंट फेब्रुवारी २०१५ मध्ये संपेपर्यंतच. टक्क्यांची भानगडच नाही. निकाल लागला तेव्हा मात्र डीव्हीडी प्लेयर बहुतेक घरांत माळ्यावर गेलेला होता.

आणि तुमच्या हातातल्या फोनमध्येही हेच भांडण चालू आहे. नेटवर्कच्या पेटंटचे पैसे चिपच्या किमतीवर घ्यायचे की पूर्ण फोनच्या? चिप घेणारा म्हणतो चिपवर, पेटंटवाला म्हणतो फोनवर. त्यावर वेगळा भाग करू, आज बॅटरी संपत आलीय.

ताईची डीव्हीडी? दोन जाड शब्दकोशांखाली महिनाभर दाबून ठेवली आणि मित्राच्या जुन्या डेस्कटॉपवर लावली. मंगलाष्टकांपर्यंत चालली. जेवणाची पंगत अजून अडकते.