मालमोटारीच्या इंजिनातील ‘मिसिंग’ व हमीची मुदत

बंडीचा आस कुरकुरू लागला म्हणजे त्याचे कारण ऐकणाऱ्यास बहुधा तत्काळ कळत असे, व गावच्या सुताराकडे नेल्यावर त्याविषयी वाद होण्याचा प्रसंग क्वचितच येई. मालमोटारीची गोष्ट तशी नाही. तिच्यात बिघाड आहे हे मालकास कळते, परंतु तो कोठे आहे हे कळत नाही. आणि गाडी हमीच्या, म्हणजे वॉरंटीच्या मुदतीत असली तर बिघाड शोधून काढणे व तो कोणाच्या खर्चाने दुरुस्त व्हावा हे ठरविणे अशी दोन कामे एकदम अंगावर येतात. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी अनेकांनी संत्री व भाजीपाला बाजारी नेण्याकरिता लहान मालमोटारी घेतल्या आहेत. त्यांस उपयोगी पडेल म्हणून घरचाच एक अनुभव येथे सविस्तर देत आहे.

माझे वास्तव्य बेसा येथे आहे. येथील पुष्कळशी शेतजमीन आता वस्तीखाली गेली असून आमची संत्र्याची बाग हिंगणा तालुक्यात आहे. धाकट्या बंधूंनी आपल्या नावे पेट्रोलवर चालणारी चार सिलिंडरची लहान मालमोटार घेतली व ते स्वतःच ती चालवितात. आंबिया बहाराचा माल सायंकाळी बेसा येथे आणावयाचा व पहाटे कळमना बाजारी न्यावयाचा, असा क्रम असतो. गेल्या हंगामाच्या तोंडी भरलेली गाडी वाटेतील रेल्वेच्या उड्डाणपुलावर चढू लागली की झटके देऊ लागे, ओढ कमी होई व इंजिनाचा दिवा लुकलुके. चढ संपला की गाडी पुन्हा शहाण्यासारखी चाले. मिस्त्री लोक यास ‘मिसिंग’ म्हणतात.

मिसिंग म्हणजे काय, हे आधी नीट समजले पाहिजे. सिलिंडरात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते व पिस्टन खाली लोटला जातो. चार धावांच्या इंजिनात मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, दर दोन फेऱ्यांस प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. मिनिटास ३,००० फेरे होत असतील तर एकेका सिलिंडरात सेकंदास २५ वेळा ज्वलन होते. यांतील काही ज्वलने चुकली म्हणजे मिसिंग झाले. ज्वलनास ठिणगी, योग्य प्रमाणात इंधन व हवा, आणि पुरेसा दाब ही तीन लागतात. म्हणून बिघाडही या तिहींपैकी एकात असला पाहिजे.

पूर्वीच्या गाड्यांत मिस्त्री एकेका प्लगची तार काढून पाही. जी काढल्याने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नसे तो सिलिंडर निकामी समजावयाचा. आताच्या गाड्यांत हा प्रयोग हाताने करू नये. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते, तिचा दाब हजारो व्होल्टचा असतो, व इंजिनाचे नियंत्रण करणारी संगणकपेटीही बिघडू शकते. शिवाय ते काम ही पेटी स्वतःच करीत असते. क्रँकच्या गतीवर तिचा सतत डोळा असतो. एखाद्या सिलिंडरचे ज्वलन चुकले की त्याच्या पाळीस क्रँक किंचित मंदावतो, व पेटी त्याची नोंद करते. ‘पी ०३००’ ही नोंद अनेक सिलिंडरांत अनिश्चितपणे मिसिंग होत असल्याची. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिला सिलिंडर, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसरा, याप्रमाणे. नोंद झाली त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, उष्णता किती व भार किती होता, हेही पुष्कळ गाड्यांत सोबत लिहिले जाते. त्यास ‘फ्रीज फ्रेम’ म्हणतात. स्कॅनर लावला की हे सर्व वाचता येते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक लागू झाले असल्याने त्यानंतरच्या गाड्यांत ही व्यवस्था सामान्यतः आढळेलच.

येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, स्कॅनरनेच ही नोंद पुसूनही टाकता येते, व पुसली की तीबरोबर फ्रीज फ्रेमही जाते. आमच्या बाबतीत पहिल्या दोन खेपांस दुरुस्तीकेंद्रात नेमके हेच झाले. गाडी रिकामी, जागेवर उभी. इंजिन सुरळीत चालू. नोंद पुसली, गाडी धुतली व सांगितले, “काकाजी, गाडीत काहीच नाही आहे.” ज्याने तीस वर्षे महसूल खात्यात कागद सांभाळले त्यास हे पाहून कसे वाटले असेल! पंचनामा करण्याआधी घटनास्थळ झाडून काढण्यासारखेच हे. तिसऱ्या खेपेस इंधनात भेसळ असल्याचे सांगून टाकी साफ करण्याचा खर्च आमच्याकडून घेतला. हमीचे तेव्हा अवघे १९ दिवस उरले होते आणि बागेत माल तोडणीस आला होता.

तेव्हा मी एक जुनी वही काढून रोजनामा सुरू केला. तारीख, वेळ, किलोमीटर, गाडीत माल किती, चढ की सपाट, इंजिन थंड की गरम, दिवा स्थिर की लुकलुकणारा, पेट्रोल कोणत्या पंपाचे, हे सर्व बंधूंनी फोनवरून सांगावे व मी लिहावे. बाजारात मिळणारा एक स्वस्त स्कॅनर घेतला व प्रत्येक वेळी नोंद न पुसता तिचे छायाचित्र काढले. पाच फेऱ्यांत पाचही वेळा ‘पी ०३०२’, पाचही वेळा गाडी भरलेली, पाचही वेळा चढ. रिकाम्या परतीच्या वाटेवर एकदाही नाही.

या एवढ्याशा टिपणानेच भेसळीचा प्रश्न बहुतांशी निकालात निघाला. टाकीतील पेट्रोल चारही सिलिंडरांस सारखेच जाते. त्यात पाणी असते तर मिसिंग सर्वांत अनिश्चितपणे दिसावयास हवे होते. एकट्या दुसऱ्या सिलिंडरावरच इंधन का रुसावे? अर्थात भेसळीची किंवा पाण्याची शंका नेहमीच पोकळ नसते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते पाणी शोषते. पाणी मर्यादेबाहेर गेले तर इथेनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळे होतात, म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण व त्याचे रबर पाहत जावे. पंपावर गाळणकागदाची परीक्षा मागण्याचा ग्राहकास अधिकार आहे. पावत्या मात्र जपून ठेवाव्यात. आमच्या त्या ठेवलेल्या होत्या.

चौथ्या खेपेस आम्ही गाडी भरलेलीच नेली. संत्र्याचे क्रेट पाहून तेथील व्यवस्थापकांच्या कपाळास आठ्या पडल्या, परंतु मिस्त्री तरुण व समंजस होता. तो शेजारी बसला, बंधूंनी गाडी चढावर घेतली, व त्याच्या स्कॅनरवर दुसऱ्या सिलिंडरचे आकडे त्याच्या डोळ्यांदेखत वाढले. यापुढील तपासणी त्याने आमच्यासमक्ष केली. हमीच्या मुदतीत मालकाने स्वतः किंवा बाहेरच्या मिस्त्रीकडून इंजिन उघडू नये. उघडल्याचे निमित्त होऊन हमी नाकारली जाण्याचा संभव असतो. उघडावयास त्यांसच सांगावे व आपण उभे राहून पाहावे.

तपासाची पद्धत शेतकऱ्यास सहज समजेल. मोटारपंप चालेना तर आपण एका वेळी एकच वस्तू बदलून पाहतो. तीन वस्तू एकदम बदलल्या तर दोष कोणात होता हे कळत नाही. मिस्त्रीने दुसऱ्या सिलिंडरची कॉईल तिसऱ्यावर व तिसऱ्याची दुसऱ्यावर बसविली. कॉईल सदोष असती तर पुढील चढावर नोंद ‘पी ०३०३’ अशी सरकली असती. ती ‘पी ०३०२’ च राहिली, म्हणजे कॉईल निर्दोष. मग प्लगांची अदलाबदल केली. नोंद जागची हलली नाही. पण प्लग काढताना एक गोष्ट दिसली. दुसरा प्लग पेट्रोलने ओला होता, बाकीचे कोरडे व तपकिरी करडे होते. इंधन पोचत होते, पेटत नव्हते. इंजेक्टरवरील संशय त्यामुळे दूर झाला. इंजेक्टर तुंबला असता तर प्लग कोरडा राहिला असता. काजळीने काळा प्लग इंधन जास्त झाल्याचे व तेलकट प्लग इंजिनाचे तेल वर येत असल्याचे बहुधा दर्शवितो. शेवटी दाब मोजला. चारही सिलिंडरांचा जवळपास सारखा भरला. इंधन आहे, दाब आहे, प्लग व कॉईल चांगली आहेत. उरली ती संगणकपेटीकडून कॉईलकडे ठिणगीचा हुकूम नेणारी तार.

तारांचा जुडगा एका लोखंडी पट्टीवरून जात होता. पट्टीवर त्यास धरून ठेवणारी चाप नव्हती, आणि तेथे एका तारेचे आवरण झिजून तांबे उघडे पडले होते. इंजिन रबरी बैठकींवर बसविलेले असते. भार पडला म्हणजे ते किंचित कलते. सपाटीवर तार पट्टीपासून केसभर दूर राही. चढावर इंजिन कलले की उघडे तांबे पट्टीस टेके, हुकूम कॉईलपर्यंत न पोचता वाटेतच जिरे व ठिणगी चुके. दुरुस्तीकेंद्रात उभ्या गाडीत दोष का दिसत नव्हता, याचा उलगडा येथे झाला.

दोष सापडला, परंतु तंटा येथेच पेटला. व्यवस्थापक म्हणाले की तार उंदराने कुरतडली आहे, व उंदराचे नुकसान हमीत येत नाही. शेतकऱ्याची गाडी गोठ्याशेजारी उभी राहते हे पाहता हे बोलणे कोणासही खरे वाटले असते. मी वायर पुन्हा पाहावयास मागितली. उंदीर कुरतडतो तेव्हा दातांच्या जोडखुणा उमटतात, आवरणाचे तुकडे व लेंड्या आसपास पडतात, आणि तो सहसा एका तारेवर थांबत नाही. येथे झीज एकाच बाजूस, सपाट व चकचकीत होती. समोरच्या पट्टीवरील रंगही तेवढ्याच लांबीत घासला गेला होता. चाप बसविण्याच्या छिद्राभोवतीचा रंग मात्र अगदी कोरा होता, म्हणजे चाप तेथे कधी बसलीच नव्हती. आवारात त्याच नमुन्याची दुसरी गाडी उभी होती. तिच्यात चाप होती. दोन्हींची छायाचित्रे शेजारी शेजारी घेतली व सर्व मजकूर जॉब कार्डावर लिहून मागितला.

प्लग झिजणारी वस्तू असल्याने सहसा हमीत येत नाही. जोडणीतील उणीव येते. तेव्हा नेमके कारण लिहिले जाण्यावर पैशांचा भार कोणावर पडणार हे अवलंबून असते. ‘आवाज तपासला, ठीक’ असा शेरा घेऊन परत येऊ नये. ‘भार असता चढावर दुसऱ्या सिलिंडरात मिसिंग, चौथी खेप’ असे आपल्या शब्दांत लिहवून प्रत घ्यावी. मुदतीच्या आत केलेली लेखी तक्रार हाती असली म्हणजे मुदत टळल्यावरही दोष आधीचा असल्याचे दाखविता येते.

आम्ही कंपनीच्या ग्राहक विभागास रोजनामा, छायाचित्रे व चारही जॉब कार्डांच्या प्रती पाठविल्या. पत्रात शेवटी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याचा उल्लेख केला. मालमोटार व्यापारी वस्तू असल्याने तिचा मालक ग्राहक नव्हे, अशी हरकत पुष्कळदा घेतली जाते. परंतु केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्याकरिता घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची समजू नये, असे अधिनियमातच म्हटले आहे. आणि लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, ट्रक घेऊन स्वतः चालविणारा मनुष्य ग्राहक ठरतो, असे उदाहरणच दिले आहे. गाडी सर्वस्वी दुसऱ्याकडून चालवून घेणाऱ्याची बाजू यात कमकुवत पडते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असली तर जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते व तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे.

आयोगापर्यंत जाण्याची वेळ आली नाही. कंपनीचे अभियंता मुदत संपण्याच्या चार दिवस आधी आले, त्यांनी दोन्ही गाड्या ताडून पाहिल्या, व तारांचा नवा जुडगा चापेसह विनामूल्य बसवून देण्यात आला. टाकीसाफीचे पैसे परत मिळाले नाहीत.

एक मागणी आम्ही जास्तीची केली. मिसिंग होते तेव्हा न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील उत्प्रेरक पेटीत, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जाऊन तेथे पेटते. त्या उष्णतेने आतील जाळी वितळू शकते, व तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारखे मौल्यवान धातू असल्याने ती फार महाग पडते. दिवा लुकलुकू लागला की वेग कमी करून गाडी लवकर थांबवावी असे सांगतात ते याच कारणाने. आम्ही तर अज्ञानाने तशीच कित्येक दिवस हाकली होती. म्हणून ही पेटी तपासून तिची स्थिती जॉब कार्डावर लिहून मागितली. ती सुस्थितीत असल्याचा शेरा व सही मिळाली. तो कागद बंधूंनी गाडीच्या पुस्तकात लावून ठेवला आहे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भरलेली गाडी त्याच पुलावरून कळमन्यास गेली.